प्रांतांकडे काकीची तारीख आहे: सोबत जाणाऱ्यासाठी पाच गोष्टी

कोतवाल नोटीस घेऊन वाडीत आला की अर्ध्या तासात बातमी सड्यापर्यंत पोचते. "काकीन झिलार केस केल्यान." म्हणजे मुलावर. मग संध्याकाळी ती काकी पदराखाली पाकीट लपवून तुमच्या खळ्यात येते आणि म्हणते, तू चार बुकं शिकलास, माझ्याबरोबर चल. तुम्ही शेजारी असाल, पुतणे असाल, ज्येष्ठ नागरिक संघात कधीमधी जाणारे असाल. कचेरीत सातबाराच्या कामापलीकडे पाऊल टाकलेलं नाही. हा लेख तुमच्यासाठी. मी सिंधुदुर्गातला. अशा पाच-सहा तारखांना सोबत म्हणून बसलो आहे आणि पहिल्याच खेपेला घोळ घातला होता. तो पुढे सांगतो.

आधी हे प्रकरण काय ते समजून घ्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा 2007 सालचा. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू आहे. त्याखाली जे न्यायाधिकरण बसतं त्याचा प्रमुख प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी असतो. म्हणजे वेंगुर्ल्याच्या माणसाने सावंतवाडीला जायचं, देवगडच्याने कणकवलीला, लांज्याच्याने राजापूरला, गुहागरच्याने चिपळूणला. अर्ज म्हातारं माणूस राहतं तिथे करता येतो, पूर्वी राहत होतं तिथे करता येतो, किंवा मुलगा राहतो त्या जिल्ह्यातही. मुलगा डोंबिवलीला आहे म्हणून काकीने डोंबिवलीला खेटे घालायला नकोत.

साठ पूर्ण झालेला कोणीही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो. आई-बापांना तर साठीचीही अट नाही. मूलबाळ नसेल तर जो तिच्या मालमत्तेचा वारस होणार आहे किंवा जो आत्ताच ती वापरतो आहे, त्या सज्ञान नातेवाइकावर जबाबदारी येते. आपल्याकडे निपुत्रिक आत्या आणि तिच्या कलमांवर डोळा ठेवून बसलेले भाचे ही काही दुर्मीळ जोडी नाही, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

दार हेच आहे ना, ते बघा

तारीख पुढच्या महिन्यात आणि मारहाण आज रात्री, असं असेल तर प्रांतांची वाट बघायची नाही. 112 लावा. अंगावर वळ असतील तर ग्रामीण रुग्णालयात न्या आणि जखम कशी झाली ते डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगा. "पडली" असं लिहून घरी परतलात तर पुढे कोणीच काही करू शकत नाही. बाईमाणूस असेल तर 181 आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही आहे. तो फक्त सुनांसाठी आहे असा गैरसमज पसरलेला आहे, पण मुलाच्या मारझोडीविरुद्ध आईलाही त्याचा आधार घेता येतो. त्यासाठी तालुक्याला संरक्षण अधिकारी गाठायचा. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567. तिथे निदान कोणाकडे जायचं ते तरी कळतं.

माणूस साठीच्या आतला, पण अपंग किंवा मतिमंद असेल आणि त्याला घरात कोंडून ठेवलं असेल किंवा त्याची पेन्शन दुसराच कोणी खात असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 7 बघा. त्याखाली अशा छळाची खबर कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतं. बहुतेक वेळा इमारत तीच, टेबल वेगळं.

काकीला एकटीला गाठा

साऱ्या कामात हे सगळ्यात मोठं. कागद मागाहून जमतात, पण हे मागाहून होत नाही.

माझा घोळ इथेच झाला. शेजारची एक म्हातारी, मुलगा दारुडा, पेन्शनचे पैसे काढून घ्यायचा, रात्री पडवीत झोपवायचा. मला सगळं ठाऊक होतं, किंवा मी तसं समजत होतो. सुनावणीत साहेबांनी विचारल्यावर मीच दहा मिनिटं बोललो. जमिनीचा इतिहास, मुलाचे प्रताप, सगळं. मग साहेब तिच्याकडे वळले. आजी, तुमचं म्हणणं काय? समोर चार फुटांवर मुलगा बसलेला. ती म्हणाली, "माजा काय म्हणणा नाय." झालं. परत येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून तिने जे सांगितलं ते मला आधी कोणी विचारायला लावलं असतं तर बरं झालं असतं. तिला मुलावर कारवाई नको होती, पोटगीसुद्धा नको होती. "माका माज्या खोलयेत निजाक व्हया, आनी पास्बुक माज्याकडे व्हया." इतकंच. मी मागत होतो पोटगी.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. घरात विचारायचं नाही, कुडाच्या भिंतीलाही कान असतात. देवळाच्या पायरीवर, दवाखान्याच्या बाकावर, नाहीतर काजूच्या बिया गोळा करताना तिच्या बाजूला बसून विचारायचं. पहिलं, काय होतंय. दुसरं, कसली भीती वाटते. तिसरं, काय बदललं तर तुला बरं वाटेल. तिसऱ्याचं उत्तर यायला वेळ लागतो, कारण तो प्रश्न तिला वीस वर्षांत कोणी विचारलेला नसतो. घाई करू नका. दोन खेपा लागतील. उत्तर तिच्याच शब्दांत, मालवणीत असेल तर मालवणीतच, वहीत उतरवा.

एक सावधगिरी. कमी ऐकू येतं म्हणजे कळत नाही असं नाही. मोतीबिंदू आहे, नातवांची नावं विसरते, म्हणून तिला बाजूला ठेवून "घरच्यांना" विचारायचं, ही आपल्याकडची वाईट खोड. जी बाई आंब्याचा कोणता व्यापारी किती पेट्यांना फसवून गेला ते सालासकट सांगते, तिला स्वतःचं भलं कळतं. खरोखरच स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल तर तिने नेमलेली व्यक्ती किंवा संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकतं.

आणि तिने "नको" म्हटलं तर? जिवावर बेतलेलं नसेल तर थांबा. तिचा निर्णय आपल्याला मूर्खपणाचा वाटला तरी तो तिचाच. जिवावर बेतलं असेल तर फोन करा, पण फोन केला हे तिला सांगा. तिच्या पाठीमागे काही करू नका. तिच्या पाठीमागे सगळं करणारी माणसं घरात आहेतच.

कागद

वयाचा पुरावा आणि आधार. आपल्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म 1 जूनचा किंवा 1 जानेवारीचा निघतो, त्यावर कोणी हसत नाही. राहत्या घराचा घरपट्टीचा उतारा, सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक नवीन नोंदी छापून, औषधांच्या चिठ्ठ्या, दवाखान्याची बिलं. मुलाच्या कमाईची पावती तुमच्याकडे असणार नाही. कुठे कामाला आहे आणि गावच्या बागेचं उत्पन्न कोण घेतो एवढं लिहून न्या.

घटनांची टिपणी करा. तारखा आठवत नाहीत म्हणून रडत बसू नका. आपलं पंचांग सणांवर चालतं. गणपतीत पासबुक नेलं, शिमग्याच्या आधी वीज तोडली, मिरगाला पाऊस लागला तेव्हा तिला पडवीत काढली. हे तारखांइतकंच पक्कं आहे आणि सांगताना ती अडखळत नाही.

आता बक्षीसपत्र. यावर जरा थांबू, कारण कोकणात निम्मी दुखणी इथली आहेत. चाकरमानी मुलगा गणपतीला येतो, पाचव्या दिवशी आईला गाडीत घालून दुय्यम निबंधकाकडे नेतो, "एक सही आहे" म्हणतो. दिवाळीपर्यंत घर त्याच्या नावावर आणि आई खोपीत. कायद्याचं कलम 23 यासाठीच आहे. मला सांभाळशील, माझ्या गरजा भागवशील, या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने अट पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं धरून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. मेख अटीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं "मुलगा बघत नाही" पुरणार नाही. मग जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केलं. मुलाने सांभाळण्याचं वचनपत्र वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थही तसाच लावायचा, आणि गरज पडली तर न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकतं, असं त्या निकालात आहे.

म्हणून बक्षीसपत्राची प्रत मिळवा आणि शेवटपर्यंत वाचा. "सांभाळ" हा शब्द कुठे आहे का बघा. नसेल तर त्याच सुमाराचा दुसरा कागद, स्टॅम्पपेपर, भावकीच्या बैठकीत लिहिलेली यादी, व्हॉट्सअॅपवरचा निरोप, काही सापडतं का बघा. आणि दस्त अजून झालेलाच नसेल तर तिला एवढंच सांगा की सही करायचीच असेल तर अट त्यातच लिहून घे. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस आली असेल तर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे समुद्रात टाकलेला दगड.

तारखेचा दिवस

मुलाच्या गाडीतून जाऊ नका. ऐकायला साधं वाटतं, पण पावसाच्या दिवसांत एसटी चुकली की तोच दारात गाडी उभी करतो, "चल गो आये, खय जातंस भिजत" म्हणतो, आणि कचेरीत पोचेपर्यंत काकीचा जबाब बदललेला असतो. रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवा. डबा, पाणी, दुपारची गोळी, चष्मा, कानाचं यंत्र आणि त्याचे सेल. साडेअकराची वेळ असली तरी पुकारा दोनला होऊ शकतो. साहेब अचानक मंत्र्यांच्या दौऱ्यावर जातात, तेव्हा पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय हलू नका. बाहेरच्या बाकावर मुलापासून लांब बसवा आणि मधे तुम्ही बसा.

आत गेलात की सिनेमातल्यासारखं कोर्ट नसतं. मोठं टेबल, फायलींचे गठ्ठे, पंखा, एक कारकून रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, लिहितो आहे. कारभार संक्षिप्त पद्धतीचा असला तरी शपथेवर जबाब घ्यायचे अधिकार त्यांना दिवाणी न्यायालयासारखे आहेत, तेव्हा खोटं बोलायचं नाही, तुम्हीही आणि काकीनेही. कायद्याचं कलम 17 वकिलांना मज्जाव करतं. यावर काही उच्च न्यायालयांनी वेगळं मत दिलं आहे, म्हणून समोरच्याने वकील आणला तर घाबरू नका. तिला हवं असेल तर समाज कल्याणचा निर्वाह अधिकारी तिच्या बाजूने उभा राहू शकतो. सिंधुदुर्गात त्यासाठी ओरोसला अर्ज द्यायचा. तारखेच्या दिवशी नाही, आधी.

सुरुवातीलाच विनंती करा: साहेब, त्यांचं म्हणणं मुलाला बाहेर थांबवून ऐकाल का? दर वेळी मान्य होत नाही. मी दोनदा विचारलं, एकदा मिळालं. नाही मिळालं तर खुर्ची अशी सरकवा की तिला मुलाचा चेहरा दिसणार नाही. मग गप्प बसा. तुम्ही सोबत आहात, पक्षकार नाही. तिने थांबून तुमच्याकडे पाहिलं तर वहीतलं तिचंच वाक्य तिला वाचून दाखवा आणि विचारा, असंच ना? घाटावरचे साहेब असले तर मालवणी त्यांना लगेच उमगत नाही, तिथे उलगडा करून द्या, पण "रवाक व्हया"चं (राहायला हवं) "मालमत्तेवर हक्क सांगायचा आहे" करू नका.

मुलाचंही ऐका. तो दर वेळी राक्षस नसतो. नोकरी गेलेली, कर्ज झालेलं, आणि घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी सून, जी या कायद्यातल्या "मुलां"च्या व्याख्येत बसतसुद्धा नाही. एका तारखेला सून रडत म्हणाली, रात्री चारदा उठवतात, मला कोणी विचारलं का? खरं होतं. तिथे पोटगीपेक्षा मुंबईच्या दोन नणंदांनी आळीपाळीने महिना-महिना येण्याचं ठरलं. सगळ्यांवर अर्ज नसला तरी ज्याच्यावर आहे तो इतर भावंडांनाही त्यात ओढू शकतो. मुलगा आखातात असेल तर तो सुटला असंही नाही, समन्स तिकडे पाठवायची तरतूद आहे. मुद्दाम गैरहजर राहिला तर त्याच्याशिवाय निकाल होऊ शकतो.

प्रकरण आधी समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकतं, त्याला महिना असतो. समेट चांगला, पण कागद बघा. "आईला सुखाने सांभाळीन" असं लिहून दिलं तर ते वाचायला गोड आणि वसूल करायला अशक्य. माजघरालगतची खोली, तिची कडी आतून, किल्ली तिच्याकडे. वीज आणि पाणी तोडायचं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला अमुक रुपये तिच्या खात्यात, हातात नाही. पासबुक आणि एटीएम कार्ड तिच्याकडे. दवाखान्यात कोण नेणार त्याचं नाव. दारू पिऊन तिच्या खोलीत यायचं नाही. इतकं बारीक लिहून घ्या. मूळ कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे, पण समेटात मुलगा स्वतःहून जास्त द्यायला तयार असेल तर त्याला कोण अडवणार?

निकाल लांबणार असेल तर अंतरिम रक्कम मागा. ती मागायला लोक विसरतात. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा आणि फार तर एकदा 30 दिवस वाढवायचे असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जातो, आणि पोट 90 दिवस थांबत नाही.

अंगठा उठवण्याआधी रोजनामा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. लाजू नका. कारकून कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

त्या रात्री

सुनावणी संपली की सगळे पांगतात आणि काकी त्याच घरी परत जाते, त्याच माणसाकडे, आणि आता तो चिडलेला आहे. सुनावणीतली भीती मी फार पाहिली नाही, त्या रात्रीची पाहिली आहे. म्हणून निघण्याआधी ठरवा, आज ती कुठे निजणार. घरी निजायची तिची तयारी असेल तर शेजारच्या एका बाईने रात्री आठला आणि सकाळी सातला चहा घेऊन जायचं. विचारपूस म्हणून नको, चहा म्हणूनच. भीती वाटत असेल तर चार दिवस माहेरी, लेकीकडे, तुमच्याकडे. साहेबांसमोर असतानाच "घरी गेल्यावर धोका वाटतो" हे तिच्या तोंडून नोंदवून घेतलं तर पोलीस ठाण्यात सांगायला आधार होतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवणं हे पोलीस ठाण्याचंही काम आहे. बीटच्या हवालदाराला काकीचं घर दाखवून ठेवा. एकदा गणवेशातला माणूस अंगणात येऊन "काय आजी, बरी मां?" म्हणून गेला की बराच फरक पडतो. म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही त्याच हवालदाराकडून मुलाच्या कानावर गेलेलं बरं.

पुढच्या आठवड्यांत भाताच्या टोपाकडे, औषधाच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्यांकडे आणि खोलीच्या कडीकडे लक्ष ठेवा. "कशी आहेस?"ला उत्तर नेहमी "बरी आसंय" असंच येतं.

आदेशाची प्रत तिला फुकट मिळते, मागून घ्या. दोन झेरॉक्स काढा, मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या ट्रंकेत ठेवा. आपल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते आणि पहिल्यांदा शिक्का पुसतो. आदेशाची रक्कम 30 दिवसांत भरायची असते. एखाद्या महिन्याचे पैसे आले नाहीत तर ते देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या महिन्याचे हातचे गेले. तरीही न देणाऱ्याला महिनाभरापर्यंत कैदेत घालता येतं. काकीलाच निकाल मान्य नसेल तर 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील.

वसुलीची मुदत हुकू नये म्हणून तिच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर दर पाच तारखेला पेन्सिलीने गोल करून द्या आणि पैसे आले की तिलाच तो गोल भरायला सांगा. एकीने मला तीन रिकामे गोल दाखवले ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पहिल्या गोलाची मुदत संपायला जेमतेम सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही परत प्रांतांकडे.